आवाज बंद, गाडी दुरुस्त?

"आवाज काढून देतो" या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात, आणि आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कित्येक गॅरेजांत दोन्ही खरे ठरतात. गाडी आत जाताना एक आवाज असतो, तो काढून मिळतो. महिन्याभराने दुसरा काढून मिळतो! आवाज डॅशबोर्डचा किंवा दाराचा असेल तर हसून सोडून द्या. पण तो खालून, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या आर्ममधून येत असेल, तर विनोद तिथेच संपतो. मग ते गॅरेज माझ्या मित्राचं असलं तरी मी भांडणार.

आधी सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. राहतो शिरूरला, बहीण दिली दौंडला. त्यामुळे न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस, कुरकुंभ हा रस्ता मला पाठ आहे. उसाच्या हंगामात तर जास्तच. पुढे दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्याला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, समोरून हायबीम, आणि डावीकडे साइडपट्टीचा वीतभर उतार. अशा वेळी गाडी स्टीअरिंग फिरवीन तिकडे जाणार आणि ब्रेक दाबल्यावर सरळ थांबणार, एवढाच माझा भरवसा असतो. हा भरवसा इंजिन देत नाही. चार चाकांचे कोन देतात, आणि ते कोन आर्म, बुश आणि बॉल जॉइंट सांभाळतात.

या विषयावर आमच्या भावकीत दोन पक्ष आहेत. (मामा, रागावू नका, तुमचाही आहे त्यात.) पहिला "कंपनीचंच पाहिजे" पक्ष. यांच्या मते बाहेरचा पार्ट म्हणजे डुप्लिकेट, आणि डुप्लिकेट म्हणजे मरण. दुसरा "चालतंय की" पक्ष. यांच्या मते आवाज बंद झाला म्हणजे गाडी दुरुस्त झाली. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण दोघेही मोजायला तयार नाहीत. एकाचा विश्वास डब्यावर, दुसऱ्याचा कानावर.

आता थोडं यंत्राबद्दल. घाबरू नका, सोपं आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे वरून शॉकअप आणि स्प्रिंगची उभी काठी, आणि खालून लोखंडाचा एक आडवा हात, तोच लोअर आर्म. आर्मचं एक टोक रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरं बॉल जॉइंटने चाकाच्या बाजूला जोडलेलं. खांदा आणि मनगट म्हणा ना. चाक समोरून पाहिलं तर ते उभं आहे की आत-बाहेर कललंय, त्या कोनाला कॅम्बर म्हणतात. वरचं टोक आत कललं तर उणे, बाहेर कललं तर अधिक. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा कोन शून्याच्या आसपास ते उणे एक अंशापर्यंत ठेवलेला असतो. कललेलं चाक एका कडेवर जास्त चालतं आणि टायर एका बाजूने खातं. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढायला लागू शकते.

आता आवाजाचं. बारीक खड्ड्यांवर कट-कट वाजलं तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक गेलेली असते. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच "खट्" झालं तर लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट तपासावा. स्टीअरिंग पूर्ण वळवून चालताना टक-टक-टक आलं तर अॅक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवर कुरकुरलं तर सुकलेलं, फाटलेलं रबर. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं बेअरिंगची किंवा वेड्यावाकड्या झिजलेल्या टायरची. हे अंदाज झाले, निदान नव्हे. निदानासाठी गाडी उचलावी लागते, टॉमी लावून बुश हलवून बघावा लागतो, चाक वर-खाली धरून ढिलाई पाहावी लागते. फार तर पंधरा-वीस मिनिटांचं काम. ते करायच्या ऐवजी बॉल जॉइंटच्या रबरी टोपीत सुईने ग्रीस भरतात किंवा बुशावर तेल मारतात. आवाज जातो. झीज तिथेच राहते. उलट आता ती मुकी झालेली असते! बॉल जॉइंट सॉकेटमधून निसटला तर चाक बाहेर फाकतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. गाडीने आधी ओरडून सांगितलेलं असतं, आपण तिचं तोंड बांधलेलं असतं.

आणि आता या लेखाचा खरा शत्रू : "कॅम्बर काढणे". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलाइनमेंटच्या मशीनवर कॅम्बरचा आकडा लाल दिसतो. स्ट्रटच्या बहुतेक गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीने फिरवता येण्यासारखा ठेवलेलाच नसतो, फिरतो तो फक्त टो, म्हणजे चाकांची समोरची टोकं एकमेकांकडे किती वळलीत तो कोन. मग काय करायचं? हायड्रोलिक जॅकचं एक जुगाड चाकाजवळ अडकवायचं आणि शॉकअपची नळी नाहीतर आर्म दाबत राहायचं, स्क्रीनवरचा आकडा हिरवा होईपर्यंत. झालं! चाकामागे इतके रुपये, प्रिंटआउट फुकट.

अहो, कॅम्बर आपोआप बिघडत नाही. आर्म वाकला, स्ट्रट वाकला, चाकाचा नकल वाकला, स्प्रिंग बसली, बुश फाटला किंवा इंजिनाखालची फ्रेम सरकली म्हणून तो बिघडतो. यातलं कुठलं झालंय ते न शोधता जे हाताशी आहे ते वाकवायचं, म्हणजे खांदा पडला म्हणून कोट वाकडा शिवायचा. शॉकअपच्या नळीत दांडा सरळ रेषेत वर-खाली व्हावा लागतो. नळी वाकली की तो घासतो, सील जातं, तेल गळतं. आणि एकदा वाकलेलं लोखंड थंडपणी उलटं वाकवलं की त्यात तडा कुठून सुरू होईल ते प्रिंटआउटवर दिसत नाही.

आमच्या दाजींच्या गाडीचं हेच झालं. पुढचं डावं टायर बाहेरच्या कडेने खायचं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) वर्षात दोनदा कॅम्बर "काढून" झाला. दोन्ही वेळा आकडा हिरवा, दोन्ही वेळा टायर पुन्हा खाल्लं, आणि वर एक खट्-खट् सुरू झाली. शेवटी दुसऱ्या एका साध्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, एका पोराने दोन्ही बाजूंचे लोअर आर्म सोडवून शेजारी-शेजारी ठेवले. डावा उजव्यापेक्षा उघड आखूड झाला होता. कुठल्यातरी खड्ड्यात आत दबलेला. आर्म दबला की चाकाचं खालचं टोक आत येतं, वरचं बाहेर कलतं आणि बाहेरची कड खाते. सरळ हिशोब! आर्मची जोडी बाजारातली घेतली, कंपनीच्या डब्यातली नव्हे. वाकवलेला स्ट्रटही बदलावा लागला, तो खर्च त्या जुगाडाचा. त्यानंतर कॅम्बर काहीही न वाकवता जागेवर आला आणि आवाजही गेला. कारण गेलं म्हणून आवाज गेला, हा क्रम महत्त्वाचा.

यावर "कंपनीचंच" पक्ष म्हणेल, बाजारातला आर्म टिकणार किती? चांगला प्रश्न आहे, पण अर्धा. कार कंपनी प्रत्येक नट-बोल्ट स्वतः बनवत नाही. बॉल जॉइंट बनवणारे वेगळे असतात. चेन्नईची राणे मद्रास (आपले कोकणातले राणे नव्हेत) स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचे जोड गाडी-उत्पादकांनाही पुरवते आणि खुल्या बाजारातही विकते. अशा नावाजलेल्या उत्पादकाचा माल बाजारात मिळतो आणि त्याच रॅकवर बिननावाच्या पिशवीतला आर्मही मिळतो. दोघांना एकाच शब्दात "डुप्लिकेट" म्हणणं हा अडाणीपणा आहे, आणि पिशवीतला स्वस्त म्हणून घेणं हा जीवाशी खेळ.

शिवाय हा प्रश्न निव्वळ चवीचा नाही, हक्काचाही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका. त्यात मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा होत्या आणि फियाटही होती, जिचा कारखाना आमच्याच तालुक्यात रांजणगावला आहे आणि जिथे २०१७ पासून जीप कंपास बनते. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं, ते असो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यातही वाहनं आहेत. म्हणजे बाहेर दुरुस्ती करायचा आपला हक्क मोठमोठ्या दालनांत भांडला जातोय, आणि आपण तो हक्क वापरतोय कशासाठी? तर नळी वाकवून घ्यायला!

दुसऱ्या टोकाला आमची तरुण मंडळी. आमच्याकडे फॉर्च्युनर ही गाडी नसून पद आहे :-) ती उंच करायची, रुंद टायर घालायचे, मग कोन बिघडले की अॅडजस्टेबल अप्पर आर्म मागवायचे. आर्मला माझा विरोध नाही. पुढे वर-खाली दोन आर्म असलेल्या अशा गाडीला कंपनीने खालच्या आर्मच्या बोल्टलाच कॅम दिलेला असतो, त्याची मर्यादा संपली तर फिरवता येणारा वरचा आर्म हा योग्य उपाय आहे. २००६ ते २०१३ दरम्यान आपल्याकडे विकल्या गेलेल्या सिव्हिकच्या मागच्या चाकांनाही असे कॅम्बर आर्म बसवतात. पण स्ट्रटच्या छोट्या गाडीला "कॅम्बरवाला लोअर आर्म" बसवून काय होणार? खालचा आर्म लांबवला की कॅम्बर उणेकडे जातो आणि टो सुद्धा हलतो. त्यापेक्षा जिथे स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी जोडलेला आहे, तिथे एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट एखादा अंश देतो. तोही सगळे पार्ट सरळ आहेत याची खात्री झाल्यावर. वाकलेल्या पार्टवर अॅडजस्टेबल पार्ट बसवणं म्हणजे कॅम्बर काढण्याचंच महागडं रूप. तीच गोष्ट पॉलियुरेथेन बुशांची. रबरापेक्षा कडक असतात, पण हादरे आत पोचवतात आणि ग्रीस सुकलं की स्वतःच कुरकुरतात. आवाज घालवायला म्हणून ते घेणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आणि बसवण्याचं काय? पार्टला शिव्या बसतात त्यातल्या निम्म्या बसवणाऱ्याच्या वाट्याच्या असतात, असं माझं मत आहे. रबरी बुशाचा बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. बोल्ट नुसता अडकवून गाडी चाकांवर उभी करायची, वजन आलं की मग टॉर्क रेंचने आवळायचा. एवढं न केल्याने चांगला आर्मही बदनाम होतो आणि "बघ, बाहेरचा टिकला नाही" म्हणायला मामा मोकळे.

"रस्तेच असे, कुणाकुणाला बोलणार?" हेही ऐकून घेतो. खरंच आहे ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. गावोगावी हातभर रुंदीचे उभे बांध घातलेत, त्यांना हे माप कुणीतरी दाखवायला हवं. पण रस्ता वाईट आहे हे वाकवून घेण्याचं कारण कसं होतं? रस्ता वाईट आहे म्हणूनच तर आर्म धड पाहिजे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "आवाज बंद करा" म्हणू नका. "आवाज कशाचा आहे ते दाखवा" म्हणा. जुना पार्ट हातात घेऊन बघा. आर्म जोडीने बदला, बोल्ट गाडीच्या वजनावर आवळायला सांगा, आणि आधीचा व नंतरचा असे दोन प्रिंटआउट मागा. कुणी जॅकचं जुगाड चाकाकडे आणायला लागला, तर चावी मागून घ्या आणि निघा. पोरगा तोंड वाकडं करील, करू द्या. तोंड सरळ होतं, शॉकअपची नळी होत नाही.