तेराव्या फेरीचं काय करायचं?

या आठवड्यात अली विरुद्ध टायसन पुन्हा माझ्या फोनवर येऊन पडली. संगणकाने रचलेली लढत. दोघेही ऐन भरात, आणि चौथ्या फेरीत अली आडवा. खाली पाठवणाऱ्यांचा सवाल: आता तरी मान्य कराल का? नाही करणार. लढत कोणत्या नियमांनी, ते आधी ठरवा.

दोन काळांतले हेवीवेट समोरासमोर उभे करायचा नाद मलाही आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण यंत्राने निकाल दिला म्हणून वाद मिटला, हे मला सोसत नाही. 1970 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत अली विरुद्ध रॉकी मार्सियानो लढत दाखवली होती. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अली तेव्हा रिंगबाहेर होता, मार्सियानो 1956 मध्येच निवृत्त झालेला. मरे वोरोनर या निर्मात्याने दोघांना स्टुडिओत आणून छोट्या छोट्या फेऱ्या चित्रित केल्या, निरनिराळे शेवट करून घेतले आणि निकाल संगणकावर सोपवला. पंचेचाळिशीचा मार्सियानो त्यासाठी वजन उतरवून, डोक्यावर टोप चढवून आला. निकाल मात्र त्याला कळलाच नाही. 31 ऑगस्ट 1969 रोजी तो विमान अपघातात गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं ते असं: मार्सियानो विजयी, तेराव्या फेरीत नॉकआउट. युरोपात अली जिंकतो तो शेवट दाखवला गेला.

त्या तेराव्या फेरीपाशी मी थांबतो. मार्सियानो खऱ्या आयुष्यात जगज्जेता झाला तोही तेराव्याच फेरीत. 23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. समोर अडतीस वर्षांचा जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो कारकिर्दीत प्रथमच खाली बसला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. मग दोराला टेकलेल्या वॉलकॉटच्या जबड्यावर एक आखूड उजवा ठोसा बसला आणि सगळं संपलं. आजच्या नियमांनी ती रात्र बाराव्या फेरीच्या घंटेलाच संपली असती. किताब वॉलकॉटकडेच राहिला असता आणि मार्सियानोच्या अपराजित कारकिर्दीचा 49-0 हा आकडा, जो तोंडपाठ म्हणून दाखवून लोक माझ्याशी भांडतात, अस्तित्वातच नसता.

जो लुईचंही तेच. जून 1941, न्यूयॉर्क, समोर बराच हलका बिली कॉन. बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांकडे कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. कॉनने लुईला नॉकआउट करायचा मोह धरला आणि तेराव्या फेरीची दोन सेकंदं उरलेली असताना स्वतःच नॉकआउट झाला. बारा फेऱ्यांच्या जगात लुईची ती बारा वर्षांची सत्ता चौथ्या वर्षीच मोडली असती.

यावर कुणी म्हणेल, बारा फेऱ्या असत्या तर मार्सियानो वेगळा लढला असता. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तोच आहे. त्या काळच्या पंधरा फेऱ्यांसाठी घडवलेला माणूस दम वेगळा राखतो, पोटावरचे ठोसे वेगळ्या हिशेबाने मारतो. 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. त्या मृत्यूने मलाही हलवलं होतं. तरी माझं मत कायम आहे: लढत आधी थांबवायला हवी होती, फेऱ्या कापायला नको होत्या.

यंत्रात जुने निकाल भरून काय मिळतं, तेही पाहा. अलीला फ्रेझरने हरवलं, नॉर्टनने हरवलं. जॉर्ज फोरमनने त्या दोघांना प्रत्येकी दोन फेऱ्यांत झोपवलं. या हिशेबाने ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासात अली टिकायलाच नको होता. त्याने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. एकाच काळातल्या, हयात माणसांचं गणित चुकतं, मग अलीची टायसनशी गाठ कोणतं यंत्र घालणार? वजनाचा मुद्दाही मला फार मोठा वाटत नाही. डिसेंबर 2024 च्या हेवीवेट लढतीत उसिक फ्युरीपेक्षा जवळजवळ 25 किलोंनी हलका होता आणि तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी केलं.

तर माझा निकाल. पहिल्या चार फेऱ्यांत टायसन धोकादायक, हे मान्य. बारा फेऱ्यांत अली निसटता जिंकेल. पंधरांमध्ये मला शंका नाही: फ्रेझर, नॉर्टन, शेव्हर्स यांच्याशी अली पंधरा फेऱ्या उभा राहिला, टायसन आयुष्यात एकदाही तेराव्या फेरीत गेला नाही. टायसनवाल्यांनी पत्रं जरूर पाठवावीत, फक्त लढत किती फेऱ्यांची ते पहिल्या ओळीत लिहावं.