आधी मैदानाची नोंद करा

राहाता तालुक्यातल्या गावकऱ्यांनो, गावोगावच्या कबड्डी-खो-खो मंडळांना पोरं मिळत नाहीत, ही तक्रार आता पुरे. पोरं आहेत. त्यांच्या पायाखालची जागा चाललीय.

शिर्डीची गर्दी होतीच. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झालं, २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग आला. गुंठ्याचे भाव कुठे गेले ते तुम्हाला मी सांगायला नको. पेरूची बाग तोडून जिथे प्लॉट पडतात, तिथे पोरांच्या मैदानाला कोण विचारतो?

आणि मागतो तरी किती? खो-खोला २७ मीटर बाय १६, कबड्डीला १३ बाय १०. भोवतीची मोकळी जागा धरूनही सगळं दहा गुंठ्यांत आरामात बसतं. संध्याकाळी पोरं येतात, खडे वेचतात, पाणी मारतात, फक्कीने रेघा आखतात. खो-खोच्या खांबापाशी रोज खड्डा पडतो, कारण खांब धरून गर्रकन वळणारा गडी सगळा भार तिथेच टाकतो. तो खड्डा बुजवायचं काम बहुधा सगळ्यात धाकट्याकडे. तालीम तिथूनच सुरू होते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. आपण टाळ्या वाजवल्या. गावात कमान उभारायची तर वर्गणी आठवड्यात जमते. मैदानाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना घरची कामं आठवतात.

आयर्लंडकडे बघा. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे मातीतले खेळ जगवायला तिथे १८८४ मध्ये संघटना उभी राहिली. आजही मोठ्यातला मोठा खेळाडू मानधनाशिवाय खेळतो. दिवसा तो शाळेत शिकवतो नाहीतर शेती बघतो. त्या संघटनेचे क्लब टिकले, कारण गावानेच वर्गणी काढून मैदानं घेतली. बहुतेक क्लबांचं मैदान त्यांच्या स्वतःच्या मालकीचं असतं. आपल्याकडे मंडळाला नाव असतं, ढाली असतात, जागा मात्र कुणाच्या तरी मेहेरबानीची.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला या. ग्रामपंचायतीच्या ताब्यातली एक जागा क्रीडांगण म्हणून राखून ठेवण्याचा ठराव मांडा आणि तो कागदावर नोंदवून घ्या. राहाता शहरात हीच मागणी नगरपरिषदेकडे करा. मग जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदानाचा अर्ज टाका. जागेचे कागद हातात नसतील तर तिथे बोलायलाही तोंड राहत नाही. मुलींच्या खो-खोची वेळ ठरवूनच द्या, नाहीतर मैदान मुलांचंच होऊन बसतं. आणि जुन्या खेळाडूंनो, आठवणी सांगणं थांबवा. ठरावावर पहिली सही तुमची हवी.