डाउनलोड मोजा, पण त्याला विक्री म्हणू नका



वेबसाइटवर दरपत्रकाची पीडीएफ टाकली, महिन्यात दोनशे डाउनलोड दिसले, की आपण खूश. "दोनशे कन्व्हर्जन आले!" माझं मत जरा वेगळं आहे. डाउनलोड जरूर मोजा, पण प्रत्येक डाउनलोडला यश समजू नका. कारण याच आकड्याकडे बघून तुम्ही जाहिरातीला पैसे लावणार आहात.

आपल्या चिरनेरपासून पेण काही फार लांब नाही. तिथल्या गणपती कारखान्यांचं उदाहरण घ्या. पेणच्या मूर्ती परदेशातही जातात आणि विक्रेते उत्सवाच्या कितीतरी आधी बुकिंग करतात. समजा, अशा एका कारखान्याने वेबसाइटवर दोन फाइल ठेवल्या: घाऊक दरपत्रक आणि आरतीसंग्रह. आरतीसंग्रह कोणीही उतरवून घेईल. घाऊक दर मात्र बहुतेक विक्रेताच बघेल. दोन्ही एकाच खात्यात धरले तर हिशेब चुकणारच ना?

गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये एन्हान्स्ड मेजरमेंट चालू असेल, तर पीडीएफ, एक्सेल, झिप अशा फाइलच्या लिंकवर क्लिक झालं की 'फाइल डाउनलोड' हा इव्हेंट आपोआप नोंदवला जातो. कोडिंग लागत नाही. पण हाच इव्हेंट सरसकट 'की इव्हेंट' केला (२०२४ पर्यंत यालाच कन्व्हर्जन म्हणायचे), तर आरतीसंग्रहही त्यात येतो. म्हणून फाइलच्या नावाची अट घालून दरपत्रकाचा वेगळा इव्हेंट बनवा आणि तेवढाच की इव्हेंट करा. मोजणी 'सेशनला एकदा' ठेवा, म्हणजे एकाने एका भेटीत तीनदा क्लिक केलं तरी एकच धरलं जाईल.

तरीही लक्षात ठेवा, इथे क्लिक मोजलं जातं, वाचन नाही. कोणी तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली किंवा गुगल सर्चमधून थेट उघडली, तर ते मोजलंच जात नाही. फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवून फक्त लिंक दिली असेल, तर ते क्लिक सहसा डाउनलोडमध्ये येत नाही.

खरा पैसा जातो तो गुगल ॲड्समध्ये. तिथे डाउनलोडला 'प्रायमरी' कन्व्हर्जन केलं आणि ऑटोमॅटिक बिडिंग लावलं, की गुगल तुम्हाला डाउनलोड करणारी माणसं शोधून देतं, विकत घेणारी नाही. त्याची चूक नाही, आपण मागितलंच ते! डाउनलोड 'सेकंडरी' ठेवा. प्रायमरी ठेवा चौकशीचा फॉर्म किंवा व्हॉट्सॲप बटण.

कोणी म्हणेल, "दादा, आमचं बुकिंग तर फोनवरच होतं, मग डाउनलोड सोडून मोजणार काय?" मुद्दा बरोबर आहे. त्यावर साधा उपाय आहे. पीडीएफच्या प्रत्येक पानावर व्हॉट्सॲपची लिंक द्या, आणि त्यात मेसेज आधीच लिहून ठेवा: "दरपत्रक बघून विचारतोय." फोन आला तर "दर कुठे बघितले?" हे विचारून वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी तीन आकडे शेजारी मांडा: डाउनलोड, चौकशा, बयाणा.

दुकानात दर विचारून जाणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो, हे आपल्याला गल्ल्यावर बसून कळतं. वेबसाइटलाही तोच नियम लावा. जाहिरातीचं बजेट वाढवायचं की नाही, ते तिसरा आकडा बघून ठरवा.