आपल्या माणसावर खटला कोण भरणार?

न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी 13 सप्टेंबर 2018 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. उमेदवार चार होते आणि मे महिन्यापासून चौघांचाही सूर एकच होता: ट्रम्पला मीच वठणीवर आणीन. मी या पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे, त्या दिवशी मत दिलेलं आहे आणि तेव्हापासून आजपर्यंत ठामपणे सांगत आलो आहे की पक्षाने उमेदवार तोलले ते खोट्या तराजूत. ट्रम्पवर खटला भरायला न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटला कसली हिंमत लागते? त्याला टाळ्याच मिळतात. ज्याने तिकीट मिळवून दिलं, ज्याने पैसा उभा केला, त्या स्वपक्षाच्या राज्यपालावर हात टाकाल का, हा प्रश्न विचारायला हवा होता. तो कुणी रेटून विचारला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने या पदाला आपल्या महाधिवक्त्याच्या जागी बसवून पाहू नये. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 165 नुसार राज्यपाल महाधिवक्ता नेमतो आणि सरकारची बाजू मांडणं हे त्याचं काम. अमेरिकेतल्या 43 राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट जनतेतून निवडला जातो. न्यूयॉर्कमध्ये तर त्याच्या हाती 1921 चा मार्टिन कायदा आहे. शेअरबाजारातल्या लबाडीवर या कायद्याने कारवाई करताना फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. 2002 मध्ये एलियट स्पिट्झरने याच कायद्याच्या बळावर मेरिल लिंचसारख्या बलाढ्य कंपनीला वाकवलं आणि चार वर्षांनी तो राज्यपाल म्हणून निवडून आला. त्याच्यानंतर अँड्र्यू कुओमो आले, तेही या खुर्चीतून थेट राज्यपालपदावर गेले. या खुर्चीला लागलेली कीड हीच. इथे बसणाऱ्याची नजर वरच्या खुर्चीवर असते, आणि वर जायचं तर पक्षातल्या कुणाला दुखवून चालत नाही.

2018 ची निवडणूक अशी रंगली ती तेव्हाचा अ‍ॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन याच्यामुळे. चार स्त्रियांनी मारहाणीचे आरोप केले, ‘न्यू यॉर्कर’ने 7 मे रोजी ते छापले आणि काही तासांत त्याने राजीनामा दिला. बार्बरा अंडरवुड यांनी उरलेली मुदत सांभाळली, ट्रम्प फाउंडेशनवर जूनमध्ये दावाही ठोकला, पण निवडणूक लढवणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मैदान मोकळं झालं.

लीशा ईव्ह बफेलोच्या. हिलरी क्लिंटन यांच्या सिनेट कार्यालयात वकील म्हणून राहिलेल्या, कुओमोंच्या प्रशासनात काम केलेल्या, नंतर व्हेरायझन कंपनीत वरच्या हुद्द्यावर गेलेल्या. त्यांना तीन टक्क्यांच्या आसपास मतं पडली. शॉन पॅट्रिक मलोनी हे तेव्हाचे खासदार. जूनमध्ये काँग्रेसच्या जागेसाठी पक्षाची उमेदवारी खिशात घालून ते इथेही उभे राहिले, म्हणजे इकडे हरलो तर तिकडची जागा आहेच. राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या जागेसाठी एक पाय बाहेर ठेवून लढणाऱ्याला पाव हिस्सा मतदारांनी मत दिलं, याची मला आजही चीड येते.

खरी लढत लेटिशिया जेम्स आणि झेफिर टीचआउट यांची. जेम्स यांची कारकीर्द खोटी नव्हती. गरिबांसाठी वकिली केलेली, ब्रुकलिनमधून आलेली, न्यूयॉर्क शहराची पब्लिक अ‍ॅडव्होकेट म्हणून निवडून आलेली बाई. 2003 मध्ये वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या डाव्या पक्षाच्या एकट्या चिन्हावर त्या नगर परिषदेत पोचल्या होत्या. 2018 मध्ये कुओमो आणि त्या पक्षाचं फाटलेलं होतं, कारण पक्षाने कुओमोंविरुद्ध सिंथिया निक्सनला पाठिंबा दिला होता. तेव्हा जेम्स यांनी ज्या पक्षाने हात दिला त्याची साथ नाकारली आणि कुओमोंच्या छायेत उभ्या राहिल्या. पक्षाच्या अधिवेशनाने त्यांना पसंती दिली, राज्यपालांनी पाठबळ आणि निधी गोळा करायला मदत दिली. ज्या माणसावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच खांद्यावर बसून त्या मतदारांसमोर आल्या. ही गोष्ट प्रचारात दोन ओळींत आटोपली.

टीचआउट फोर्डहॅम विद्यापीठात कायदा शिकवत. अमेरिकेतल्या भ्रष्टाचाराच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे आणि 2014 मध्ये कुओमोंविरुद्धच प्राथमिक निवडणूक लढवून त्यांनी तिसरा हिस्सा मतं घेतली होती. त्यांनी खटले चालवलेले नाहीत हा आक्षेप रास्त होता. पण खटले चालवायला त्या कार्यालयात शेकडो वकील बसलेले आहेत. त्यांना कुणाच्या दारात पाठवायचं हे ठरवणारा माणूस आपल्याला निवडायचा होता. माझं मत टीचआउट यांना गेलं. निकालात जेम्स यांना सुमारे 40 टक्के, टीचआउट यांना 31.

राज्यपालाचं दार इतकं महत्त्वाचं का, हे ऑल्बनी या राज्याच्या राजधानीतल्या पैशाकडे जवळून पाहिलं की कळतं. तिथे कंपनीला वर्षाला पाच हजार डॉलरच देणगी देता येत असे. पण 1996 मध्ये राज्याच्या निवडणूक मंडळाने ठरवलं की मर्यादित दायित्वाची कंपनी, म्हणजे एलएलसी, ही देणगीपुरती व्यक्ती मानायची. व्यक्तीला राज्यपालपदाच्या उमेदवाराला साठ हजारांच्या वर देता येत. मग बिल्डराने काय करावं? प्रत्येक इमारतीच्या नावाने एक एलएलसी काढायची. पत्ता एक, मालक एक, धनादेशावर सही एकाची, आणि धनादेश मात्र दहा वेगवेगळ्या ‘व्यक्तींचे’. कुओमो या वाटेने आलेल्या पैशाचे मोठे लाभार्थी होते. हे भगदाड 2019 मध्ये बुजलं. तोवर विधानसभेचे सभापती शेल्डन सिल्व्हर आणि सिनेटचे नेते डीन स्केलोस दोघेही भ्रष्टाचारात दोषी ठरले होते, आणि त्यांना कोर्टात उभं केलं ते केंद्राच्या सरकारी वकिलांनी. राज्याची स्वतःची यंत्रणा हात बांधून बसली होती. भ्रष्टाचार खणायला नेमलेला मोरलँड आयोग तर कुओमोंनीच मार्च 2014 मध्ये, वर्ष पुरं व्हायच्या आत, गुंडाळला.

आता मला सुनावलं जाईल की जेम्स यांनीच शेवटी कुओमोंना घरी पाठवलं. पाठवलं, आणि त्याचं पुरेपूर श्रेय त्यांना आहे. पण ते कसं घडलं ते नीट बघा. फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस कुओमोंवरचे लैंगिक छळाचे आरोप वाढले तेव्हा कुओमोंनी आधी स्वतःच्या पसंतीच्या माजी न्यायाधीशाचं नाव पुढे केलं. मग म्हणाले, राज्याच्या मुख्य न्यायाधीशांनी आणि जेम्स यांनी मिळून वकील निवडावा. जेम्स यांनी ठाम नकार दिला आणि कार्यकारी कायद्याच्या कलम 63(8) खाली पूर्ण अधिकाराचं पत्र मागितलं. ते पत्र 1 मार्चला मिळालं. 3 ऑगस्टला 165 पानी अहवाल आला, 11 स्त्रियांचा लैंगिक छळ झाल्याचा निष्कर्ष त्यात होता, आणि आठवडाभरात कुओमोंनी राजीनामा जाहीर केला. म्हणजे आरोपीची चौकशी करायला आरोपीच्या कार्यालयाचं पत्र लागलं! लोकांचा संताप इतका नसता तर ते पत्र आलंच नसतं. आणि त्याच जेम्स यांनी ऑक्टोबरमध्ये राज्यपालपदाची उमेदवारी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये मागे घेतली. त्यांचा अहवाल पुराव्यांवर उभा होता. तरी कुओमोंच्या माणसांना ‘खुर्चीसाठी केलं’ म्हणायची संधी त्यांनी आपल्या हाताने दिली.

ट्रम्पच्या बाबतीतही जेम्स यांनी तेच केलं. पुरावे हातात येण्याआधी मंचावरून नाव घेऊन धमकावणं हे सरकारी वकिलाला शोभत नाही, मग समोरचा माणूस कितीही लबाड असो. 2022 मध्ये त्यांनी ट्रम्पवर भरलेला दावा भक्कम होता. न्यायाधीश आर्थर एन्गोरॉन यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये 35 कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला लावली. पण ट्रम्पचे वकील वर्षानुवर्षं जेम्स यांची प्रचारातली भाषणं कोर्टात वाचून दाखवत राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये अपील कोर्टाने दंड अवाजवी ठरवून रद्द केला. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्पने आपल्या केंद्रातल्या अ‍ॅटर्नी जनरलला जाहीरपणे जेम्स यांच्यामागे लागायला सांगितलं, ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आलं, आणि नोव्हेंबरमध्ये कोर्टाने ते फेटाळलं, कारण ते आणणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा होती. ट्रम्पने केलं ते शतपटीने निर्लज्ज आणि घातक आहे. पण आधी माणूस ठरवायचा आणि मग गुन्हा शोधायचा ही मागणी 2018 मध्ये आमच्या पक्षाचे मतदारच टाळ्या वाजवून करत होते, हेही तितकंच खरं.

आणि मतदार तरी किती! ही निवडणूक फक्त पक्षात नोंदलेल्यांसाठी. पक्ष बदलून नोंदवायची मुदत होती 13 ऑक्टोबर 2017, मतदानाच्या तब्बल अकरा महिने आधी. श्नायडरमन तेव्हा खुर्चीत घट्ट बसलेला. आमच्या क्वीन्समधल्या इमारतीतले एक मराठी काका, नागरिक होऊन वीस वर्षं झालेले, कुठल्याच पक्षात नाव नसलेले, मतदान केंद्रावरून परत आले. मला म्हणाले, “अरे, नोव्हेंबरला ये म्हणतात. नोव्हेंबरला काय उरतं?” त्यांचं बरोबर होतं. ज्या राज्यात डेमोक्रॅटच निवडून येतो तिथे प्राथमिक निवडणुकीतच निकाल लागतो. ही मुदत 2019 मध्ये फेब्रुवारीपर्यंत आणली गेली, तरी पक्षाबाहेरच्यांना दार बंदच आहे.

म्हणून न्यूयॉर्कमधल्या मराठी मतदारांना माझं सांगणं आहे. पहिलं, पक्षात नाव नोंदवा, मुदतीच्या आत. दुसरं, या पदाचा उमेदवार आपल्या मंडळाच्या गणपतीला आला, तर त्याला शाल देण्याआधी एवढं विचारा: राज्यपालाच्या पत्राशिवाय सरकारातल्या भ्रष्टाचाराचा तपास करता यावा म्हणून कलम 63 बदलायची लेखी मागणी तुम्ही विधिमंडळाकडे कोणत्या तारखेला करणार? तारीख सांगितली नाही, तर त्याला मत देऊ नका.