थांबवलेला कार्यक्रम आणि चाळीस सह्या

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या चर्चासत्रात आम्ही तिघांनी मिळून लिहिलेला एक निबंध वाचला. विषय होता सोव्हिएत राजवटीतील एस्टोनियाची पंक गाणी. निबंध संपल्यावर अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "माहिती चांगली जमवलीत. पण हा समाजशास्त्राचा विषय झाला. यात साहित्य कुठे आहे?" सभागृहात थोडे हसू पिकले, पुढचा निबंध सुरू झाला आणि आम्ही खाली बसलो. त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. प्रश्न उर्मट नव्हता, त्यामुळे तो टाळताही येईना. हे टिपण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले, आणि कदाचित अपुरे, उत्तर आहे.

प्रथम घटना सांगायला हवी. १९८० सालच्या जुलैमध्ये मॉस्को ऑलिंपिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती तालिनला झाल्या. पाहुणे परतले आणि शहर पुन्हा पूर्ववत झाले. २२ सप्टेंबर रोजी तिथल्या काद्रिओर्ग मैदानावर दूरचित्रवाणी आणि नभोवाणी यांच्या संघांत फुटबॉलचा एक हलकाफुलका सामना होता. सामन्यानंतर 'प्रॉपेलर' नावाच्या पंक बँडचा कार्यक्रम ठेवला होता. गाण्यांतले शब्द अधिकाऱ्यांना रुचले नाहीत आणि कार्यक्रम मध्येच थांबवण्यात आला. जमलेली तरुण मुले संतापून रस्त्यावर उतरली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळकरी मुलांनी पुन्हा निदर्शने केली. मिलिशियाने, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, मुलांची धरपकड केली. काहींना शाळेतून काढून टाकण्यात आले. प्रॉपेलरवर बंदी आली.

हा संताप केवळ गाणे थांबवल्याचा नव्हता. १९७८ मध्ये कार्ल वाइनो हे एस्टोनियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले होते. ते वंशाने एस्टोनियन, पण रशियात वाढलेले होते आणि त्यांना एस्टोनियन धड बोलता येत नसे. शाळांतून रशियनचे शिक्षण वाढवण्याची मोहीम त्याच सुमारास जोरात आली. १९७९ च्या जनगणनेनुसार एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती, आणि त्यांपैकी एस्टोनियन फक्त साडेनऊ लाखांच्या आसपास. ज्या भाषेचे सगळे भाषक मिळून एका मोठ्या शहरात मावतील, त्या भाषेत गाणाऱ्या मुलांना व्यासपीठावरून खाली उतरवले, तर ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ काय लागेल हे वेगळे सांगायला नको.

२८ ऑक्टोबर १९८० ही तारीख असलेले एक खुले पत्र यातूनच लिहिले गेले. इतिहासात ते 'चाळीस जणांचे पत्र' म्हणून ओळखले जाते. सह्या करणाऱ्यांत कवी यान काप्लिन्स्की, पॉल-एरिक रुम्मो आणि यूहान व्हीडिंग होते. कादंबरीकार माती उन्त होते, कथाकार आर्वो वाल्टन होते. रस्त्यावरच्या मुलांच्या रागामागे भाषेविषयीची आणि राष्ट्राच्या भवितव्याविषयीची खोल असुरक्षितता आहे, हे या मंडळींनी अत्यंत संयत शब्दांत मांडले. पत्र मॉस्कोच्या 'प्रावदा'कडे आणि तालिनच्या दोन दैनिकांकडे पाठवले गेले. तिघांनीही ते छापले नाही. ते नकला होऊन हातोहाती फिरले. सह्या करणाऱ्यांच्या चौकशा झाल्या, दबाव आले, काहींच्या नोकऱ्यांवर गदा आली.

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. हे पत्र एस्टोनियाच्या साहित्येतिहासात सन्मानाने नोंदले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नोंदीत मैदानावरचा तो कार्यक्रम येतो तो केवळ 'निमित्त' म्हणून. मुले ओरडली, मग साहित्यिक बोलले, अशी ती मांडणी असते. ओरडणे समाजशास्त्राकडे जाते आणि बोलणे साहित्याकडे. अध्यक्षांच्या प्रश्नातही हीच विभागणी गृहीत होती. आम्हांला ती मान्य नाही.

मुळात ही दोन जगे इतकी वेगळी नव्हती. प्रॉपेलरचा गायक पेटर वोल्कोन्स्की हा कवयित्री हेल्वी यूरिस्सोन आणि संगीतकार आंद्रेई वोल्कोन्स्की यांचा मुलगा. वडील १९७३ मध्ये देश सोडून पश्चिमेकडे गेले होते. त्याच बँडमध्ये गायलेला उर्मास आलेंदर 'रुया' या रॉक बँडचाही गायक होता. रुयाने एस्टोनियन कवींच्या कवितांना चाली लावून त्या गावोगाव पोचवल्या. आलेंदर स्वतः कविता लिहीत असे. २८ सप्टेंबर १९९४ रोजी 'एस्टोनिया' हे जहाज बाल्टिक समुद्रात बुडाले, त्यात त्याचा अंत झाला. एवढ्या लहान समाजात कवी, नट, गायक आणि विद्यार्थी एकमेकांना चेहऱ्याने ओळखत असत. 'भूमिगत' हा शब्द वापरताना आपल्या डोळ्यांसमोर अज्ञात माणसांची गुप्त टोळी येते. इथे भूमिगत असणे म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचे असूनही कुठल्याच कागदावर नसणे होते.

त्या कागदावर नसण्याचे परिणाम फार व्यावहारिक होते. सार्वजनिक कार्यक्रमासाठी गाण्यांचे शब्द आधी अधिकृत समितीकडून तपासून घ्यावे लागत. ध्वनिमुद्रिका काढण्याचा अधिकार 'मेलोदिया' या सरकारी कंपनीकडे होता. ज्याला समितीचा शिक्का नको असेल, त्याने मिळेल ती गिटार घ्यावी, ओळखीने एखादी खोली मिळवावी आणि गाणे घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवावे. रस्त्यावर निराळे केस आणि कपड्यांवरच्या टाचण्या दिसल्या तरी मिलिशिया हटकत असे. आखाताच्या पलीकडे साधारण ऐंशी किलोमीटरवर हेलसिंकी होते आणि उत्तर एस्टोनियात फिनलंडची दूरचित्रवाणी दिसत असे. फिनिश आणि एस्टोनियन या जवळच्या भाषा. त्यामुळे पलीकडचे संगीत पाहणे आणि समजणे शक्य होते. पलीकडे जाणे मात्र शक्य नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. छापील संहिता नाही, अधिकृत मुद्रण नाही. नकलेची नक्कल, आणि प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढलेली. एखादा शब्द ऐकू येत नाही म्हणून नक्कल करणारा आपल्या समजुतीप्रमाणे तो वहीत उतरवतो आणि पुढे तोच पाठ रूढ होतो. समितीला दाखवलेले शब्द वेगळे आणि प्रत्यक्ष गायलेले वेगळे, असेही होऊ शकते. ही सगळी पाठचिकित्सेची परिस्थिती आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात आदराने शिकवतो. प्रतिलिपीकारांनी पाठात काय काय मिसळले असेल याची चर्चा करतो. मौखिक आणि हस्तलिखित परंपरेसाठी आपण जी साधने घडवली, ती कॅसेटपाशी येताच आपल्या हातून का गळून पडतात, असा आमचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'वेलिकिये लुकी' हे एका तालिनी पंक बँडचे नाव. ते एका रशियन शहराचे नाव आहे. १९४२-४३ च्या हिवाळ्यात त्या शहरासाठी झालेल्या लढाईत लाल सेनेतील असंख्य एस्टोनियन जवान मारले गेले. अधिकृत इतिहासात ती गौरवाची लढाई होती. घराघरांत ती न परतलेल्यांची आठवण होती. बँडच्या नावात एकही आक्षेपार्ह शब्द नाही, आणि तरी ते उच्चारताच दोन इतिहास समोरासमोर उभे राहतात. याच बँडमधून पुढे आलेल्या विल्लू ताम्मेने १९८६ मध्ये 'जे. एम. के. ई.' हा बँड काढला. त्यांचा 'कुल्माले माले' हा संग्रह १९८९ मध्ये फिनलंडमध्ये प्रसिद्ध झाला. या नावाचा शब्दशः अर्थ 'थंड मुलुखाकडे'. परंतु एस्टोनियन घरांत 'थंड मुलुखाला नेले' असे म्हटले की कुणाला कुठे नेले हे विचारावे लागत नाही. जून १९४१ मध्ये आणि मार्च १९४९ मध्ये माणसे मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे पाठवण्यात आली. १९४९ च्या त्या एका मोहिमेतच वीस हजारांहून अधिक. आजीने दबक्या आवाजात वापरलेला शब्दप्रयोग नातवंडांच्या पिढीने गिटारवर मोठ्याने म्हटला. व्यंजना म्हणजे काय हे शिकवताना यापेक्षा वेगळे आपण काय सांगतो?

प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आम्हांला एस्टोनियन भाषा येत नाही. ही गाणी आम्ही भाषांतरांच्या आधाराने ऐकली. नुसती कागदावर वाचली तर त्यांतील कित्येक गाणी फार पातळ वाटतात. घोषणा आहेत, पुनरुक्ती आहे, पोरकटपणा आहे. काप्लिन्स्कींच्या कवितेशेजारी ती ठेवावीत असा आमचा दावा नाही. आमचा दावा इतकाच, की चांगले आणि वाईट ही निवड साहित्याच्या आत व्हावी. दाराबाहेर उभे करून नव्हे. या पंक मंडळींतले काही जण कवी म्हणूनही ओळखले गेले. 'व्हेन्नास्कोन्ड' हा बँड १९८४ मध्ये काढणारा टोनू त्रुबेत्स्की कविता आणि गद्य लिहितो. 'मेर्का' या नावाने लिहिणारी मेर्ले येगर ही कवयित्री आणि अभिनेत्री. त्यांची पुस्तके निघाल्यावर ते साहित्यिक झाले आणि त्याआधी ते समाजशास्त्राचे उदाहरण होते, असे मानायचे का?

याहून अवघड प्रश्न १९९१ नंतरचा आहे. एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि बंदी घालणारे राज्यच उरले नाही. मग या गाण्यांचे काय? ती केवळ बंदीमुळे मोठी होती, असे मानणाऱ्यांना इथे मौन पत्करावे लागते, कारण बँड थांबले नाहीत. नव्या स्वतंत्र देशातील बाजारूपणा आणि राष्ट्रप्रेमाचा देखावा हेही विल्लू ताम्मेच्या उपहासाचे विषय झाले. दुसरीकडे, २००८ मध्ये राकवेरे या गावी चक्क पंक गाण्यांचा समूहगान महोत्सव भरला. एस्टोनियात समूहगानाचा उत्सव १८६९ पासून चालत आला आहे. राष्ट्रीय जाणिवेचा तो कणाच मानला जातो. त्या थाटात, वृंदगायकांच्या तोंडी, पंक गाणी.

या महोत्सवाविषयी आम्हां तिघांचे एकमत नाही. आमच्यापैकी एकाला तो पराभव वाटतो: काटे काढून गाणे शोभेच्या कुंडीत लावले, असे त्याचे म्हणणे. दुसरीला त्यात विनोद दिसतो, आणि पंकची जात मुळात थट्टेखोर असल्यामुळे हा विनोद त्याला साजेसाच वाटतो. तिसऱ्याचे म्हणणे असे, की १९८० मध्ये जे गाणे मध्येच तोडले गेले, त्याच्या भावंडांना शेवटपर्यंत गायला मिळाले, एवढेही कमी नाही. हा मतभेद आम्ही मिटवलेला नाही. मात्र अशा वादात आपण मूल्य, संदर्भ, वाचक, परंपरा हे सगळे शब्द वापरू लागतो, हे आमच्या लक्षात आले. म्हणजे ज्या गाण्यांत साहित्य कुठे आहे असे विचारले गेले, त्यांच्यावर आम्ही साहित्याचाच वाद घालत होतो.

आपल्याकडचा अनुभव आठवावा. 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' यांसारखी अनियतकालिके निघत होती तेव्हा तीही अनेकांना गोंगाट वाटली. आज ती प्रश्नपत्रिकेत येतात. तोवर त्यांचे कितीतरी अंक हरवून गेले. विभागांनी, ग्रंथालयांनी ते वेळीच जपले नाहीत, कारण ते साहित्य आहे की नाही याचा निर्णय व्हायचा होता. आम्हांला भय वाटते ते याचे. आज आपल्या वसतिगृहांतून, वस्त्यांतून मुले जी गाणी रचतात, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतात आणि कंटाळून पुसून टाकतात, ती कुणाच्या नोंदीत आहेत? तिथे बंदी घालणारा कुणी नाही. आपले 'यात साहित्य कुठे आहे' हे वाक्य तेवढे आहे, आणि ते पुरेसे ठरते.

त्या प्राध्यापकांविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांच्याच वर्गात आम्ही कविता वाचायला शिकलो. निबंध आम्ही पुन्हा लिहितो आहोत. एक चूक आमचीही झाली होती: वीस मिनिटे आम्ही त्या गाण्यांविषयी बोललो आणि त्यांतले एकही ऐकवले नाही. पुढच्या वेळी आधी गाणे लावू, संपेपर्यंत वाजू देऊ, आणि मग सरांना विचारू.