जखम का चिघळते?

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळदीच्या शेतात अनवाणी राबणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या बधिर पायात काटा रुतला तरी कळत नाही. मग हळद दाबायची, मेडिकलवरून चार गोळ्या आणायच्या. जखम महिनोन्‌महिने चिघळतच राहते. तिथले जंतू सुटे नसतात. स्वतःच स्रवलेल्या चिकट थरात, ‘बायोफिल्म’मध्ये, वस्ती करून असतात. आत प्रतिजैविक नीट पोचत नाही, पोचले तरी सुस्त जंतू तगतात. २०१७च्या एका आढाव्यात तपासलेल्या जुनाट जखमांपैकी सुमारे ७८ टक्क्यांत हा थर आढळला. तो खरवडून काढला तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा धरतो, म्हणून सफाई वारंवार लागते. बोटे काळी पडल्यावर रुग्णाला नांदेडला धाडण्यात काय हशील? हिंगोलीच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहींचे पाय नियमित तपासा, जखमेची सफाई आणि ड्रेसिंग तिथेच करा.