ज्याला पटलेलं नाही त्याच्यासाठी थांबणं

नेतृत्वाबद्दल या सत्रात जे जे वाचलं, त्यात एक गोष्ट जवळपास सगळीकडे गृहीत धरलेली दिसली: एक माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात आणि ऐकणाऱ्यांचं मन वळलं की काम झालं. अरिस्टॉटलने पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या, बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४च्या पुस्तकात दाखवलं की चार लोक काय करतात हे बघून पाचवाही तेच करतो. रॉबर्ट ग्रीनलीफ यांचा १९७०चा निबंध त्यातल्या त्यात वेगळा. आधी सेवक व्हावं, नेतेपण मागून येतं, असं ते म्हणतात. तो मला मनापासून आवडला. तरी त्यातही मध्यभागी नेताच उभा आहे, फक्त तो नम्र झालेला आहे.

अभ्यासक्रमाच्या यादीत मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ नव्हतं. ते मी आपणहून वाचलं आणि त्यानंतर यादीतली पुस्तकं मला पहिल्यासारखी वाचता येईनात.

मेंढा (लेखा) हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड गाव. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून हे गाव जागं झालं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा बहुतेकांनी ऐकलेली असते. घोषणेमागची रीत मात्र कमी जणांना ठाऊक आहे. गावाचे निर्णय ग्रामसभेत होतात, तेही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो.

त्याच्या जोडीला अभ्यासगट. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते गावात आले, ते या अभ्यासगटात बसले. तिथे कायदा समजून घ्यायचा, जंगलाचा हिशोब मांडायचा, शंका काढायच्या. बाहेरचा माणूस तिथे हवं तितकं बोलू शकतो. पण अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेचा आणि तिथे बाहेरच्याला मत नाही. मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली की, बोलण्यात पटाईत असलेल्या माणसाची सत्ता आपोआप कमी होते. तो आज कितीही छान बोलला, तरी हात वर करायला कोणी सांगत नाही. लोक घरी जातात, शेतात जातात, त्यावर आपसात बोलतात. त्याच्या बोलण्यात दम असेल तर तो आठवड्यानंतरही टिकतो.

हे का महत्त्वाचं, ते ग्रामदानाकडे, म्हणजे जमिनीची मालकी गावाच्या स्वाधीन करण्याच्या विनोबा भावे यांच्या चळवळीकडे, पाहिलं की कळतं. ऐकणाऱ्याचं मन वळवण्यात विनोबांची बरोबरी करेल असा माणूस गेल्या शतकात शोधावा लागेल. चारित्र्य होतं, करुणा होती, युक्तिवाद तर गणितासारखा स्वच्छ होता. १९५१मध्ये पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं, १९५२मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने सगळं गावच दिलं आणि १९६९पर्यंत मजल ‘बिहारदाना’च्या घोषणेपर्यंत गेली. पण संकल्पपत्रांवर सह्या झालेल्या कितीतरी गावांत जमिनीची मालकी कायद्याने कधी बदललीच नाही. पदयात्रा पुढच्या गावाला गेली की मागच्या गावात जुनेच व्यवहार सुरू. विनोबांबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना जड जातं. माणसं त्यांना ‘हो’ म्हणाली होती, एकमेकांना म्हणाली नव्हती.

मेंढ्याने ग्रामदानाचा मार्ग धरला तेव्हा ती लाट कधीच ओसरली होती. त्याआधी, २००९मध्ये, वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला होता. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूतून हातात पैसा येऊ लागला होता. अशा वेळी जमिनीची मालकी ग्रामसभेला देणं म्हणजे साधी गोष्ट नाही. कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला शेत विकायचा रस्ता बंद होतो. हे लोकांना दिसत होतं, त्यावर बोलणं झालं होतं, तरीही त्यांनी ते केलं आणि २०१३मध्ये त्याला कायदेशीर रूप मिळालं. मेंढ्याचे नेते म्हणून देवाजी तोफा यांचं नाव बाहेर सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तक वाचताना त्यांची थोरवी मला त्यांच्या भाषणात दिसत नाही. ज्या शेजाऱ्याला अजून पटलेलं नाही त्याच्यासाठी थांबण्याची तयारी, ही ती थोरवी.

सर्वसहमतीत धोकाही आहे. छोट्या गावात ज्याचा बांध सगळ्यांच्या बांधाला लागलेला, तो मनात नसताना गप्प बसू शकतो आणि त्याची चुप्पी संमती म्हणून मोजली जाते. बायकांच्या बाबतीत तर हे किती सहज घडतं! म्हणून ‘कोणी विरोध केला नाही’ एवढं पुरेसं नाही, विरोध करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय सोसावं लागतं हेही पाहायला हवं. आकाराचाही प्रश्न आहे. शंभर घरांत जे जमतं ते पन्नास हजारांच्या प्रभागात तसंच्या तसं जमणार नाही, हे मला मान्य आहे. अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा, एवढं मात्र कुठेही जमावं.

आमच्या वसतिगृहात सध्या मेसच्या ठेक्याचा विषय निघाला आहे. एका सभेत, हात वर करून, अर्ध्या तासात तो मिटवायचा बेत आहे. मी असं मांडणार आहे की आधी काही रविवार नुसतं बोलू या. किराणा-भाजीला किती लागतं, स्वयंपाकाच्या मावशींना किती मिळतं, कोणाला किती परवडतं, ठेकेदाराची अडचण काय. त्या बैठकांत ठराव नको, मोजणी नको. आणि ज्या मुली सभेत कधीच तोंड उघडत नाहीत, त्यांच्या खोल्यांवर आधी जायचं.